लिंबू जमिनीत कधी लावायचं? फ्रॉस्टच्या तारखांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत झाली की माझ्या फोनवर कुंड्यांचे फोटो यायला लागतात. तिळगूळ वाटून झाला, दुकानात लिंबाची रोपं दिसली, आता "लावू का?" मी डॅलसच्या उत्तरेला राहते. परसात तीन लिंबूवर्गीय झाडं आहेत, एक गेलं, त्याची गोष्ट खाली येईलच. उत्तरं मुख्यतः टेक्सासमधल्या मराठी घरांसाठी आहेत. कॅलिफोर्निया किंवा इतर राज्यांत फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. तापमान फॅरनहाइटमध्ये आहे, कारण इथला प्रत्येक थर्मामीटर तेच दाखवतो.

१. फ्रॉस्ट डेट म्हणजे नक्की काय? त्या तारखेनंतर थंडी पडत नाही का?

पडते. ती तारीख म्हणजे हमी नाही, सरासरी आहे. फ्रॉस्ट म्हणजे शाळेच्या भूगोलात "दव, दहिवर, धुके" असं पाठ केलं होतं त्यातलं दहिवर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, तेच. "शेवटच्या फ्रॉस्टची सरासरी तारीख" १५ मार्च असेल तर त्याचा अर्थ इतकाच, की निम्म्या वर्षांत त्या तारखेनंतरही पारा ३२ अंशांवर (शून्य सेल्सियस) किंवा त्याखाली गेला. छापा की काटा एवढाच भरवसा.

अमेरिकेच्या हवामान खात्याने १९९१ ते २०२० या तीस वर्षांवरून काढलेल्या आकड्यांमध्ये ५० टक्क्यांच्या तारखेशेजारी १० टक्क्यांचीही तारीख असते. तिच्यानंतर फ्रॉस्ट पडण्याची शक्यता दहा वर्षांत एकदा. टोमॅटोला ५० टक्क्यांची तारीख चालेल, मेला तर दोन डॉलरचं रोप गेलं. लिंबाच्या कलमासाठी मी १० टक्क्यांचीच धरते. त्याच तक्त्यात ३६, ३२ आणि २८ अंशांच्या वेगवेगळ्या तारखा असतात. कागदी लिंबू असेल तर ३२ चा रकाना बघा, २८ चा बघून खूश होऊ नका.

२. ते सगळं ठीक, पण माझ्या गावी कधी लावू?

ह्यूस्टन शहरात शेवटचा फ्रॉस्ट सरासरीने फेब्रुवारीच्या मध्याच्या आसपास होऊन जातो. तिथे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात लावा. शहराबाहेर उत्तरेला राहत असाल तर आणखी आठवडा-दोन आठवडे थांबा. सॅन अँटोनियो आणि ऑस्टिनला मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा, पण ऑस्टिनच्या पश्चिमेला डोंगराळ भागात घर असेल तर महिनाअखेर. डॅलस-फोर्ट वर्थला सरासरी तारीखच मार्चच्या मध्याची, म्हणून लागवड मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य.

डॅलसवाल्यांना मी सरळ सांगते: पाडव्याला गुढी उभारा आणि दुपारी झाड लावा. चैत्र पाडवा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कुठेही येतो, म्हणजे सरासरी तारीख नेहमी मागे पडलेली असते. साडेतीन मुहूर्तांपैकी एक मिळतो तो वर. पाडवा अगदी लवकर आला तर काय, ते प्र. ९ मध्ये.

सॅक्रामेंटो, फ्रेस्नो या पट्ट्यात मार्च-एप्रिल. सॅन होजे, फ्रिमाँटकडे कित्येक हिवाळे दहिवर फारसं दिसतच नाही, तरी लागवड मार्च ते मेमध्येच बरी. फीनिक्सला मार्च गाठाच, कारण तिथला मे-जून थंडीपेक्षा क्रूर. न्यू जर्सी, शिकागो, बॉस्टनवाल्यांनी थेट प्र. १३ वर जावं.

३. गावाकडे आपण कलमं पावसाळ्यात लावतो. इथे जूनमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये का नको?

हा प्रश्न विदर्भातून आलेली माणसं हमखास विचारतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. वरुड-मोर्शीकडे खड्डे उन्हाळ्यात खणून तापत ठेवतात आणि मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की संत्र्याची कलमं लावतात. आपल्या डोक्यातलं लागवडीचं पंचांग पावसाचं आहे. तिथे झाडाचा वैरी उन्हाळा, म्हणून उन्हाळा संपल्यावर त्याला जमिनीत जास्तीत जास्त महिने मिळावेत असा हिशोब. इथे वैरी हिवाळा. हिशोब तोच, फक्त हिवाळा संपल्यावर मोजायला सुरुवात करायची.

मार्चअखेर लावलेल्या झाडाला नोव्हेंबरपर्यंत सात-साडेसात महिने मिळतात. तेवढ्यात मुळं कुंडीच्या आकारातून बाहेर पडून आजूबाजूच्या मातीत शिरतात आणि खोड थोडं जून होतं. ऑक्टोबरमध्ये लावलं तर हवा छान असते, रोपं स्वस्त झालेली असतात, मोह होतो. पण साधारण ५५ अंशांखाली लिंबूवर्गीय झाडाची वाढ थांबते. ते नुसतं उभं राहतं आणि पहिला कडाका कोवळ्या अंगावर घेतं. जूनमध्ये लावलं तर मरेलच असं नाही, पण शंभर अंशांच्या उन्हात रोज पाणी घालावं लागेल आणि जुलैत भारतात जायचं तिकीट काढलं असेल तर शेजाऱ्याची परीक्षा. ह्यूस्टनच्या दक्षिणेला, समुद्राजवळ, शरदातली लागवड निभावते. डॅलसला नाही.

४. आमचा झोन ९ए आहे. झोनवरून तारीख काढता येते का?

नाही. कृषी खात्याचा झोन सांगतो की वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरीने किती थंड असते. ९ए म्हणजे २० ते २५ अंश. ती रात्र कधी येते याबद्दल झोन काही बोलत नाही. "झाड इथे जगेल का?" याला झोन, "कधी लावू?" याला फ्रॉस्टची तारीख. नकाशा २०२३ मध्ये सुधारला आणि बरीच गावं अर्धा झोन वर सरकली. त्यामुळे काही जणांना धीर आला आहे. पण तोही सरासरीचाच नकाशा आहे, २०२१ सारखी रात्र त्याला विचारून येत नाही (प्र. १०).

५. कागदी लिंबू, मायर, संत्रं, मोसंबी, पपनस यांत थंडी कुणाला जास्त सोसते?

आपल्याला हवं असतं ते सगळ्यात नाजूक. कागदी लिंबू, ज्याला इथे की लाइम किंवा मेक्सिकन लाइम म्हणतात, ते ३२ अंशांच्या खाली गेलं की पानं टाकायला लागतं. महाळुंगही त्याच पंगतीतलं. जाड सालीच्या पिवळ्या लिंबांची तऱ्हा थोडीच बरी. मायर मात्र निव्वळ लिंबू नाही, त्यात संत्र्याच्या कुळाचं रक्त आहे, म्हणून मोठं झालेलं झाड पंचविशीच्या आसपासची छोटी रात्र काढतं. फ्रँक मायर नावाच्या माणसाने ते १९०८ मध्ये चीनमधून आणलं. पुढे जुन्या झाडांत विषाणू सापडला, म्हणून आता "इम्प्रूव्ह्ड मायर" विकतात. लोणच्याला त्याची साल पातळ पडते, पण सरबताला उत्तम.

मोसंबी म्हणजे शास्त्राने गोड संत्र्याचाच प्रकार, तिची जागा मधली. पपनस लिंबापेक्षा बरं, संत्र्यापेक्षा नाजूक. सोशिक म्हणजे सत्सुमा जातीचं सुटसालीचं संत्रं आणि कुमक्वॉट. थंडीला सरावलेलं, वयात आलेलं झाड विशीच्या आसपासही तगून राहतं. सत्सुमाचा दुसरा फायदा म्हणजे फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात तयार होतं, कडाक्याच्या आधी घरात. झाड वाचलं तरी फळ २८ अंशांखाली काही तास राहिलं की आतून गोठतं. मग ते सोलल्यावर कोरडं, भुशासारखं लागतं. म्हणून जानेवारीत पिकणाऱ्या जाती उत्तर टेक्सासात लावण्यात मला अर्थ दिसत नाही.

"सरावलेलं" हा शब्द महत्त्वाचा. थंडी हळूहळू वाढत गेली तर झाड पाणी आवरतं, वाढ थांबवतं. आठवडाभर ७५ अंश आणि मग एका रात्रीत २५, अशा वेळी सत्सुमाही मार खातं. वर दिलेले आकडे पहिल्या दोन वर्षांच्या झाडाला लागू नाहीत, त्याला सगळंच पाच-सहा अंश आधी लागतं असं समजून चाला.

६. फोनवर रात्रीचं तापमान ३५ होतं. तरी सकाळी पानं काळी कशी?

कारण फोनचा आकडा तुमच्या परसातला नाही. तो विमानतळावरच्या किंवा अशाच एखाद्या केंद्रातला, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर मोजलेला असतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमीन आणि पानं आपली ऊब थेट आकाशात सोडून देतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतात. थंड हवा जड, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि कुंपणाला अडून साचते. आमच्या परसात बारबेक्यूच्या कट्ट्यावर ३६ असताना मागच्या कुंपणाच्या कोपऱ्यात ३१ बघितलेत. पंचवीस पावलांचं अंतर.

दहा डॉलरचा किमान-कमाल थर्मामीटर घ्या आणि झाड लावायचं त्याच जागी, गुडघ्याच्या उंचीवर, एक अख्खा हिवाळा ठेवा. यापेक्षा चांगला सल्ला माझ्याकडे नाही, आणि हा कुणी पाळत नाही.

७. मग अंगणात जागा कोणती निवडू?

घराच्या दक्षिणेची विटांची भिंत, तिच्यापासून सहा-आठ फुटांवर. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब परत देते. उतार असेल तर सगळ्यात खालची जागा सोडा. वाफ्यात पाणी तुंबत असेल तर मातीचा फूटभर उंच, रुंद गादीवाफा करून त्यावर लावा. डॅलसची काळी चिकट माती विदर्भातल्या काळ्या मातीची बहीणच, पावसाळ्यात मुळं कुजवते.

लावताना कुंडीतल्या मिश्रणाचा बाहेरचा इंचभर थर पाण्याच्या धारेने धुऊन काढा, म्हणजे मुळं थेट मातीला भिडतात. कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहिलाच पाहिजे. का, ते प्र. १२ वाचल्यावर कळेल.

८. दुकानात जानेवारीतच फुललेली झाडं मिळतात. विकत घेऊ की थांबू?

घ्या. मार्चपर्यंत चांगल्या जाती संपतात. पण ते झाड उबदार ग्रीनहाउसमधून आलेलं असतं, त्याला बाहेरच्या जगाची कल्पना नसते. दुकानदार ते "आता लावायची वेळ" असल्यासारखं दारात मांडतो, त्यावर जाऊ नका. कुंडीतच ठेवा. दिवसा ५० च्या वर असेल तेव्हा बाहेर, आधी सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात. दहा-बारा दिवसांत पूर्ण उन्हाची सवय लावा, नाहीतर पानांवर पांढरे भाजल्यासारखे डाग पडतात. रात्री गॅरेजमध्ये. कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब नसते, म्हणून कुंडीतलं झाड जमिनीतल्यापेक्षा लवकर दगावतं.

फुलं, बारकी लिंबं पहिल्या वर्षी खुडून टाका. मलाही जिवावर येतं.

९. लावून आठवडा झाला आणि आता फ्रॉस्टचा इशारा आलाय! काय करू?

पाडवा लवकर आला की असे फोन हमखास येतात. घाबरू नका. वसंतातला उशिराचा फ्रॉस्ट बहुतेक वेळा एका रात्रीचा आणि ३२ च्या दोन-चार अंश खालचा असतो, नीट झाकलेलं लहान झाड त्यातून सहज निघतं.

दुपारी झाडाच्या बुंध्याभोवतीची माती भिजवा. ओली, उघडी माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब धरते. त्यासाठी पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर तेवढ्या रात्रीपुरतं बाजूला सारा. मग चार काठ्या रोवून त्यावर जुनी चादर किंवा जुनी सुती साडी टाका. साडी सगळ्यात उत्तम, नऊवारी असेल तर दोन झाडं झाकतात. कापड जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे आणि कडांवर विटा ठेवल्या पाहिजेत, कारण झाकतोय ती जमिनीतून वर येणारी ऊब. शेंड्याला छत्रीसारखं बांधून खोडाशी आवळलं तर काही उपयोग नाही. प्लॅस्टिक पानांना टेकलं तर जिथे टेकलं तिथली पानं जातात. आत नाताळच्या दिव्यांची माळ सोडलीत तर आणखी चांगलं, पण हाताला गरम लागणारे जुने बल्ब हवेत. एलईडीने फक्त रोषणाई होते.

सकाळी ऊन आलं की कापड काढा. विसरलात तर दुपारी आत भट्टी होते.

१०. हे सगळं केलं तर २०२१ सारख्या थंडीत झाड वाचेल?

तेवढ्याने नाही. दोन थंड्या वेगळ्या आहेत. एक प्र. ६ मधली, शांत, निरभ्र रात्रीची. दुसरी उत्तरेकडून वाऱ्यासकट येते, दिवसचे दिवस बसते, आणि जमिनीतली ऊबच संपवते. १६ फेब्रुवारी २०२१ ला डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उणे २ अंश होतं, ह्यूस्टनला १३. फेब्रुवारीचा मध्य म्हणजे ह्यूस्टनच्या सरासरी तारखेच्या अगदी उंबरठ्यावर, हे लक्षात घ्या.

आमचं मायर तेव्हा तीन वर्षांचं होतं. दोन चादरी, एक गोधडी, आत बल्बची माळ, सगळं केलं. मग वीज गेली. घरात आम्ही चौघं एका खोलीत स्वेटर घालून बसलेलो, आणि खिडकीतून ती विझलेली माळ दिसत होती.

अशा थंडीवर जुना उपाय म्हणजे मातीची भर. नोव्हेंबरअखेर, तुळशीचं लग्न उरकलं की, खोडाभोवती स्वच्छ माती चढवायची. कलमाच्या सांध्याच्या वर फूटभर, जमल्यास पहिल्या फांद्यांपर्यंत. वरचं सगळं जळलं तरी मातीआडचे डोळे जिवंत राहतात आणि त्यांतून खरं झाड पुन्हा येतं. शेवटच्या फ्रॉस्टनंतर, पाडव्याच्या आसपास, भर काढायची. राहून गेली तर साल कुजते. भर फक्त लहान झाडांना. चौथ्या-पाचव्या वर्षानंतर खोड जाड होतं आणि गरज कमी होते.

११. पानं तपकिरी झाली, फांद्या काळ्या पडल्या. मेलं का? कधी छाटू?

एवढ्यात कात्री उचलू नका. थंडीनंतर लगेच छाटलं तर दोन चुका होतात: जिवंत फांदीही कापली जाते, आणि छाटणीने झाडाला फूट येते जी पुढच्या फ्रॉस्टमध्ये जाते. नखाने साल खरवडून बघा, खाली हिरवं असेल तर आशा आहे. तरी थांबा. एप्रिलमध्ये आलेला कोवळा फुटवा कधीकधी मेमध्ये कोमेजतो, कारण मागची फांदी आतून मेलेली असते. म्हणून मी जूनपर्यंत काही कापत नाही. पानं वाळून फांदीलाच चिकटून राहिली तर लक्षण वाईट, गळून पडली तर बरं. पान गाळायलाही फांदीत जीव लागतो. पानं नसलेल्या झाडाला पाणी कमी लागतं, खत अजिबात नको.

१२. खालून जोमदार फूट आली आहे, पण पानं वेगळीच दिसतात. हे लिंबूच ना?

आमच्या मायरलाही मे २०२१ मध्ये अशीच फूट आली. मी वर्षभर लाड केले. पुढच्या मार्चात वरुडचे मामा आले, त्यांची स्वतःची संत्र्याची बाग. त्यांनी एक पान तोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. एका देठाला तीन पानं, थेट बेलासारखं, आणि खाली बोटभर काटा. "पोरी, तुझा डोळा गेला, हा खुंट फुटला. महादेवाला वाहा हवं तर, सरबताला नाही."

नर्सरीतलं झाड दोन झाडांचं असतं: खाली सोशिक खुंट, वर डोळा भरलेलं आपलं लिंबू. टेक्सासात खुंट बऱ्याचदा त्रिदळी संत्र्याचा, ज्याची पानं हिवाळ्यात गळतात आणि फळ कडू. आंबट नारिंगाचाही असतो, त्याची पानं एकेकटीच असतात, म्हणून नुसत्या पानांवर विसंबू नका. फूट सांध्याच्या वरून आली की खालून, ते बघा. खालची असेल तर ओढून काढा. वर काहीच उरलं नसेल तर झाड उपटून नवीन लावा.

अपवाद बियांपासून किंवा फांदीच्या छाटापासून वाढवलेल्या झाडाचा. त्याला खुंट नाही, जमिनीतून येईल ते त्याच जातीचं. कागदी लिंबाचं बी बहुतेक वेळा आईसारखंच झाड देतं, म्हणून आपल्याकडे ते बियांवर वाढवतात. फक्त फळाला काही वर्षं धीर धरावा लागतो, आणि काटे भरपूर.

१३. आम्ही न्यू जर्सीत आहोत. जमिनीत लावायची काहीच सोय नाही?

नाही. मोठी कुंडी, चाकांच्या पाटावर. मे महिन्यात रात्री सलग ५० च्या वर राहू लागल्या की बाहेर, सप्टेंबरअखेर ५० च्या खाली येऊ लागल्या की आत. बाहेर काढताना उन्हाची सवय प्र. ८ प्रमाणे. शार्लट, अटलांटावाल्यांचं मधलंच: सत्सुमा भिंतीशी लावून बघता येईल, लिंबू कुंडीतच.

१४. भारतातून किंवा कॅलिफोर्नियाच्या मावशीकडून रोप आणलं तर?

आणू नका, बी-काडीही नाही. संत्र्या-लिंबांचा ग्रीनिंग नावाचा रोग फ्लोरिडात २००५ मध्ये सापडला, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये. तो पसरवणारा किडा इवलासा असतो आणि त्याला कोवळी फूट आवडते. रोगावर औषध नाही, झाड काढावं लागतं. म्हणून राज्याबाहेरची रोपं आणण्यावर कडक बंधनं आहेत. टेक्सासातल्या नर्सरीतून, लेबल असलेलंच झाड घ्या.

आता आपल्या घरांना लागू होणारी गोष्ट: कढीपत्ता याच कुळातला आहे आणि तो किडा त्यावर मजेत राहतो. पॉटलकला डब्याबरोबर एकमेकींना दिलेली कढीपत्त्याची रोपं याच नियमात बसतात, बाधित भागातून बाहेर न्यायला बंदी आहे. फ्रॉस्टचा इशारा आला की लिंबाची आणि कढीपत्त्याची कुंडी गॅरेजात शेजारी-शेजारी येते. आत घेताना कोवळ्या पानांची मागची बाजू बघा: पिवळसर ठिपके, मेणाचे पांढरे दोरे किंवा शेपूट वर करून तिरका बसलेला तपकिरी किडा दिसला तर कुंड्या जागच्या हलवू नका, जिल्ह्याच्या कृषी विस्तार कार्यालयाला फोन करा.